सव्वासहा इंच

“आधी भेगा बुजवा, मंग चेंडू.”

आमचे मास्तर रोज सायंकाळी मैदानात शिरताना हेच म्हणत. चपला बाहेर काढून ते अनवाणी फिरत, टाचेला भेग लागली की थांबत आणि बोटाने दाखवत. मग मुले घमेल्यांतून मुरूम आणून ती भेग भरत, पाणी शिंपडत, ठोकून बसवत. चेंडूला हात लागेपर्यंत अर्धा तास गेलेला असे.

वाशीमची काळी जमीन तुम्ही उन्हाळ्यात पाहिली असेल, तर यात तुम्हाला हसू येणार नाही. तिच्या भेगेत पाय गेला की घोटा गेलाच. मास्तरांच्या तीन वर्षांत आमच्या कॉलेजच्या एकाही खेळाडूचा घोटा मोडला नाही. मला खेळता येत नसे, म्हणून संघाची गुणवही माझ्याकडे होती. तेव्हा हे मी खात्रीने सांगतो.

एकदा भास्कर, आमचा सर्वांत उंच खेळाडू, घमेले टाकून म्हणाला, “मास्तर, आमी खेळाडू हाव का गवंडी?”

“गवंडी रोजी घेते, बाप्पा. तू फुकट हायेस,” मास्तर म्हणाले आणि घमेले त्याच्या हातात परत दिले.

मास्तर जवळच्या रिठद गावचे. फौजेत असताना बास्केटबॉल शिकलेले. शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा नव्हता, त्यामुळे त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने होई. प्राध्यापकांच्या खोलीत त्यांच्या बोलीची नक्कल चाले. ते ऐकून न ऐकल्यासारखे करत.

तिसऱ्या वर्षी प्राचार्यांनी त्यांना स्पष्टच सांगितले. अकोल्याच्या सामन्यांतून ढाल आणली तर कायम करू, नाहीतर ही जागाच बंद होईल. वहीवर सही घ्यायला मी तिथे उभा होतो, म्हणून मला कळले. बाहेर आल्यावर मास्तर व्हरांड्याच्या खांबाला हात लावून उभे राहिले.

“बेचाळीसचा झालो मी. या वयात मले कोन ठेवते?”

 पोरांना सांगू नको, असे त्यांनी बजावले. त्यानंतरचा महिनाभर मी त्यांना दुपारचा डबा उघडून तसाच झाकताना पाहिले. मैदानात शिट्टी तोंडाशी न्यायचे आणि वाजवायलाच विसरायचे. मुरूम मात्र दुप्पट पडू लागला. रिंगखालची जागा उड्यांनी सर्वांत जास्त झिजे, म्हणून तिथे सर्वांत जास्त.

अकोल्याचा पहिला सामना. हरलेला संघ तिथल्या तिथे बाद होणार होता. पूर्वार्धात आमच्या मुलांनी रिंगवर तेवीस चेंडू फेकले, पडले तीन. उरलेल्यांपैकी चौदा आखूड गेले. रिंगच्या पुढच्या कडेला खालून आपटून परत आले. समोरच्यांचे गुण पंधरा, आमचे सहा. मुले एकमेकांवर चिडली होती. मध्यंतरात मी मास्तरांना वही दाखवली आणि म्हणालो, “मास्तर, चौदा आखूड. नेम डावी-उजवीकडे चुकत नाही, सगळे खालीच जातात.”

त्यांनी भास्करला रिंगखाली नेऊन उडी मारायला सांगितली. घरच्या मैदानावर उडी मारली की त्याची बोटे रिंगवर वाकत. इथे हात चार बोटे खाली राहिला. मास्तरांनी रिंगकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे. 

“आपली रिंग नाही उतरली, बाप्पा,” ते मला हळूच म्हणाले. “आपली जमीन चढली. तीन वर्सं मुरूम मीच टाकला.”

मग ते मुलांजवळ गेले. हात त्यांनी पाठीमागे बांधले.

“तुमचे हात बराबर हायेत. चूक माही हाय. आता दुरून कोनी फेकू नका. रिंगखाली घुसा आन् तितून टाका.”

चोवीस-तेवीस. एका गुणाने आम्ही वाचलो. शेवटची दोन मिनिटे मास्तर मैदानाकडे पाठ करून उभे होते.

त्याच दुपारी आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेतल्या कडुलिंबाला त्यांनी बांबूची टोपली, तळ कापून, नियमाच्या बरोबर दहा फुटांवर बांधली. माप मला घ्यायला लावले, आणि एकदा नव्हे, तीनदा. अंधार पडेपर्यंत प्रत्येक मुलाने दोनशे चेंडू त्या टोपलीत टाकले. हात नव्या उंचीला बसले. दुसरा सामना नऊ गुणांनी जिंकला, अंतिम सामना अकरा गुणांनी. मुलांनी मास्तरांना उचलायला धाव घेतली तर ते माझ्याकडे आले होते. “बेरीज बराबर हाय ना? पुन्हा एकदा कर.” मी पुन्हा केली. तेव्हा कुठे ते खाली बसले.

परत आल्यावर प्राचार्यांनी अहवाल माझ्याकडून मागवला. मी आकडे चुकवत नाही, असा माझा लौकिक होता. मी टेप घेऊन घरची रिंग मोजली. सव्वासहा इंच कमी. ते लिहिले. चौदा आखूड चेंडू लिहिले. मध्यंतरात मास्तरांनी सामना कसा फिरवला, तेही लिहिले. मला वाटले, याहून मोठी शिफारस कोणती असेल?

नेमणूक समितीने त्यातली एकच ओळ उचलली: ‘शिक्षकांनी तीन वर्षांत रिंगची उंची एकदाही मोजली नव्हती.’ ढाल प्राचार्यांच्या खोलीत लागली आणि जागेवर डिप्लोमा असलेला माणूस आला.

मी मास्तरांच्या खोलीवर गेलो. ते वळकटी बांधत होते. दारातच मला रडू कोसळले.

“ल्हेलं ते खरं हाय ना?” त्यांनी विचारले.

“खरं आहे.”

“मंग कायले रडून राह्यला?” त्यांनी दोरीची गाठ आवळली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “जमीन काहून चढली, ते ल्हेलं का त्यात?”

ते कारण मी लिहिले नव्हते. उंची किती कमी, एवढेच लिहिले होते.

“ते ल्ह्याले पायजे होतं, बाबू.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला घरी जाऊन झोप तरी लागली असती.

दुसऱ्या दिवशी मी नवा अहवाल लिहिला. भेगा, मुरूम, न मोडलेले घोटे, सगळे. प्राचार्य म्हणाले, “समितीची सभा झाली आता,” आणि कागद परत दिले. ते घेऊन मी रिठदला गेलो. मास्तरांच्या भावाने ओसरीवर बसवून पाणी दिले. मास्तर बायकोला घेऊन खानदेशात कुठल्याशा कापसाच्या जिनावर राखणीला गेले होते. पत्ता धाडतो म्हणाले होते.

पत्ता आला नाही. मी त्या भावाला चार वेळा विचारले, मग तोही वारला.

ते कागद माझ्या कपाटात पाकिटात आहेत. पाकिटावर मास्तरांचे नाव माझ्या तेव्हाच्या अक्षरात आहे. खालच्या पत्त्याच्या तीन ओळी कोऱ्या आहेत.