लटकनकाकूंचं झुलतं घर

लटकनकाकूंच्या घरात शिरताना ज्याचं डोकं कुंडीला आपटलं नाही, असा माणूस एक तर बुटका असायचा, नाही तर दुसऱ्यांदा आलेला. मी उंच, आणि वर विसराळू. त्यामुळे मी पहिल्यांदाही आपटलो आणि पुढे कित्येक वर्षं नेमाने आपटत राहिलो. 'ठक्' असा आवाज झाला की काकू असतील तिथून धावत यायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, बाई आता हळद लावणार, निदान 'बसा, पाणी देते' म्हणणार. काकू त्याला वळसा घालून कुंडीपाशी जायच्या, झुलणारी कुंडी दोन्ही हातांनी थांबवायच्या, एकेक पान उचलून बघायच्या आणि खऱ्याखुऱ्या काळजीने विचारायच्या, "झाडाले लागलं तं नाही ना?"

पांढरकवड्याहून मी यवतमाळला कॉलेजात शिकवायच्या नोकरीला आलो तेव्हा दारव्हा रोडच्या बाजूला एका कॉलनीत त्यांच्या माडीवरची खोली मला मिळाली. काकूंचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी एका वेलाने कधीच गिळली होती. कॉलनीतली पोट्टी त्यांना लटकनकाकू म्हणत आणि त्यांना ते नाव मनापासून आवडायचं. घरात जमिनीवर एक कुंडी सापडली असती तर शपथ. सगळं वरून खाली लोंबत होतं: मनीप्लांट, फर्न, बारीक पानांची कासववेल, ओव्याचं पान, आणि उलट्या शेपट्या सोडलेला एक निवडुंग. टीव्हीवरच्या बातम्या पानांच्या फटीतून बघाव्या लागत.

याचं मूळ घराच्या बांधकामात होतं. काका पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. माणूस नकाशाप्रमाणे चालणारा. त्यांनी घराच्या नकाशात प्रत्येक खोलीत पंख्यासाठी एक अशा मोजून कड्या दाखवल्या होत्या. स्लॅब पडायच्या दिवशी नेमकं त्यांना ऑफिसात साहेबांनी थांबवून घेतलं, आणि इथे शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं फावलं. काकूंनी मिस्त्रीला चहा पाजत पाजत 'इथं एक, तिथं एक' करत सळईचे तुकडे वाकवून घेतले आणि सगळ्या छतात आकडे बसवून घेतले. पुढे फळ्या निघाल्यावर काकांनी मान वर करून पाहिलं आणि विचारलं, हे घर आहे की खाटकाचं दुकान? काकू म्हणाल्या, "साहेब, पंखा एकच लागते. पण मन लावाले आकडे लय लागते." काका हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तरी काकू त्यांना शेवटपर्यंत साहेबच म्हणाल्या.

झाडं विकत आणणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. मागून आणलेलं झाड रुसतं, उचललेलं जगतं, हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे त्या जिथे जात तिथलं एखादं पेर त्यांच्याबरोबर घरी येई, आणि येई ते अंबाड्यातून. बोटांच्या चिमटीत काडी मोडायची आणि गजरा नीट केल्यासारखं करून केसांत खोचायची, इतकी सफाई की पाहणाऱ्याला वाटावं, बाईला नटायची काय हौस. प्रत्येक झाडाला ते जिथून आलं तिथलंच नाव. हॉलच्या मधोमध लोंबायची ती 'बँक'. खिडकीतला 'तहसील'. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेल्या तेव्हा वाटेवरच्या एका उपाहारगृहातून फर्न आला. गणपतीचं नाव चोरीत गोवायला नको म्हणून त्याचं नाव नुसतं 'कळंब' ठेवलं. एकदा एका लग्नात वधूच्या मावशीने त्यांचा हात कुंडीत असतानाच धरला. काकू शांतपणे म्हणाल्या, मुंग्या लागल्या आहेत तुमच्या झाडाला, तेच बघत होते, जरा लक्ष देत जा. त्या मावशीने उलट आभार मानले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी अशा गोड आवाजात दुसरीकडे कुठे ऐकल्या नाहीत.

कुंड्या मात्र त्या बाजारच्या साखळ्यांत टांगत नसत. त्यांचं माहेर बोरी अरबच्या पलीकडचा एक तांडा. तिथे त्यांच्या याडीने, म्हणजे आईने, त्यांना दोरीचं शिंकं बांधायला शिकवलं होतं. दुपारी जेवणं झाली की काकू पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून बसत आणि बोलता बोलता शिंकं तयार होई. त्यात तळाला एक चपटी गाठ असायची. ती गाठ भार वाढला की आणखी घट्ट व्हायची. मी शिकायचा प्रयत्न केला. माझं शिंकं पाहून त्या म्हणाल्या की यात कुंडी नको, मास्तरांचा पगार ठेवू, तेवढा भार पेलेल. हे सगळं टांगायचं वेड कुठून आलं, असं मी एकदा विचारलं तेव्हा मात्र त्या थट्टेत बोलल्या नाहीत. "आमचे म्हातारे लोक बैलावर संसार घेऊन फिरत, मास्तर. खाली ठेवलं ते त्या गावाचं. टांगलं ते आपलं."

उन्हाळ्यात त्या घराची खरी शोभा दिसायची. मे महिन्यात कूलर सुरू झाला की सगळं घर एकदम झुलू लागे. नळ कधी येईल याचा भरवसा नाही, पण झाडं कधी तहानलेली राहिली नाहीत. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळीचं पाणी, पाहुण्यांनी अर्धवट टाकलेलं पाणी, सगळं वर चढे आणि तिथून थेंब थेंब खाली उतरे. काका डोक्यावर पंचा घेऊन पेपर वाचत. कधी एखादा थेंब नेमका बातमीवर पडला की ते गोरबोलीत, आपल्या बंजारा बोलीत, काहीतरी पुटपुटत, काकू स्वयंपाकघरातून गोरबोलीतच उत्तर देत. आमच्याशी दोघं वऱ्हाडी बोलत, भांडण मात्र खास आपल्या बोलीत, म्हणजे भाडेकरूला कळू नये. मला न कळताही सगळं कळायचं आणि दर वेळी काकूच जिंकायच्या.

मग काकांचा पेपर हळूहळू नाकाजवळ येऊ लागला. चष्म्याचा नंबर बदलून पाहिला, उजेडाची खुर्ची बदलून पाहिली. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, मीही बरोबर होतो. काचबिंदू होता, आणि उशीर झाला होता. आहे ती नजरही जाणार, गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरातलं वाटेत येणारं सगळं काढून टाका, विशेषतः लोंबणारं काही ठेवू नका, असंही बजावलं. काकूंनी मान डोलावली. घरी पोचल्यावर काकांना खुर्चीत बसवून काकू वळल्या तेव्हा मला त्यांच्या अंबाड्यात पांढऱ्या ठिपक्यांच्या मनीप्लांटचं एक पेर दिसलं. एवढं ऐकूनही बाईचा हात चुकला नव्हता. मला हसू आलं. त्या झाडाचं नाव अर्थातच 'दवाखाना'.

नागपूरहून मुलगा आला. सरळ मुलगा, आईबापांवर माया असलेला. त्याचं म्हणणं होतं की दोघांनी आता त्याच्या फ्लॅटवर चलावं. काका एवढंच म्हणाले की माझ्या घरात मी माझ्या पायाने चालेन, तिथे मला धरून न्यावं लागेल. तेव्हा ठरलं की घर मोकळं करून पाहू. काकांना जमलं तर राहायचं, नाही तर नागपूर. कॉलनीतले आम्ही सगळे स्टूल घेऊन आलो आणि आकड्यांवरची शिंकी उतरवली. कुंड्या अंगणात ओळीने मांडल्या. पहिल्यांदाच त्या जमिनीवर टेकल्या होत्या आणि सगळ्या कशा पोरक्या दिसत होत्या.

त्या मोकळ्या घरात काका दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि हॉलच्या मधोमध येऊन उभे राहिले. हात पुढे केले, काहीच लागलं नाही. डावीकडे वळले, पुन्हा उजवीकडे वळले. मी जिन्यावरून बघत होतो. ज्या माणसाने त्या घराचा नकाशा स्वतः काढला होता, त्याला स्वयंपाकघराचं दार सापडत नव्हतं. "काहून असं रिकामं लागून राह्यलं?" ते म्हणाले. "मले कुठं आणून सोडलं तुम्ही? हे आपलं घर नाही."

काकूंनी काकांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, पदर खोचला आणि मला हाक मारली. मुलगा 'आई, डॉक्टर काय म्हणाले' वगैरे बोलत होता. त्याच्या हातात त्यांनी एक कुंडी दिली आणि ती धरून ठेवायला सांगितलं. आम्ही दुपारपर्यंत सगळी शिंकी पुन्हा टांगली, फक्त दोऱ्या लांब करून. पूर्वी झाडं डोक्याला लागत, आता त्यांची लोंबती पानं काकांच्या छातीला आणि गालाला लागतील अशी खाली आली. आणि झाडं वाटेल तिथे नव्हती, नेमून दिलेल्या जागेवर होती. बेडरूमच्या दारात 'कळंब', त्याने कानाला गुदगुल्या व्हायच्या. स्वयंपाकघराच्या दारात ओव्याचं पान, हात लागला की वास सुटणारं. मोरीपाशी गार कासववेल. हॉलच्या मधोमध 'बँक', तिथून चारी वाटा फुटायच्या. अंगणाच्या दारात नवा 'दवाखाना'. आणि मागच्या दाराला, जिथून पायऱ्या उतरतात, तिथे निवडुंग. मुलाने त्याबद्दल हरकत घेतली. काकू म्हणाल्या, "टोचू दे. सरकारी माणूस हाय, सांगून कधी थांबला का? काट्यानं थांबन."

पंधरवड्यात काका घरभर फिरू लागले. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे जागच्या जागी राहिले, म्हणून घर फिरलं नाही. काका गाल पुढे करून चालत, फर्नाशी थांबत, ओव्याचं पान चुरगाळून नाकाला लावत आणि स्वतःच्या हाताने चहा करून आणत. मुलगा पाहुणा म्हणून आला की त्यालाही तोच चहा. साखर काका अंदाजाने टाकत, म्हणजे भरपूर टाकत. काकू झाडांना पाणी घालताना एक पान जरी वाळलेलं दिसलं तरी काकांना सांगत, आणि काका बोटांनी चाचपून ते खुडत. त्यांची भांडणं पहिल्यासारखीच गोरबोलीत चालत. फरक इतकाच की आता थेंब पडला की काका पेपरासाठी चिडायचे नाहीत, कोणत्या झाडाला पाणी जास्त झालं ते सांगायचे.

असं बरंच चांगलं चाललं होतं. मग एका दिवाळीनंतर काकूंना साधा ताप आला. साध्याचा वाईट झाला आणि काकू गेल्या. मला त्यांची आठवण अजूनही इतकी येते की एखाद्या ऑफिसात चांगला मनीप्लांट दिसला की माझा हात आपोआप पुढे होतो. मला अंबाडा नाही, ही अडचण.

तेरावं झालं आणि मुलाने काकांची बॅग भरली. आता आई नाही, एकट्या आंधळ्या माणसाला इथे कोणाच्या भरवशावर ठेवायचं, हा त्याचा प्रश्न होता. मी माडीवर राहणारा, माझी नोकरी, माझ्या सुट्ट्या. काका खुर्चीत बसून होते. त्या तेरा दिवसांत ते तिथून फारसे उठलेच नव्हते, कोणी तरी धरून न्यायचं, आणून बसवायचं. ते मुलाला नाही म्हणाले नाहीत. त्यांचं जणू कशाशीच देणंघेणं उरलं नव्हतं. गाडी दाराशी आली. मुलाने बॅग हॉलमध्ये आणून ठेवली आणि ती उचलायला मी अंगणातून घाईने आत शिरलो.

ठक्.

'दवाखाना' एवढ्यात चांगला जड झाला होता. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. शिंकं गरगर झुलत राहिलं. मी कपाळ धरून उभा राहिलो, मुलगा बॅगेवर हात ठेवून उभा राहिला, आणि आम्ही तिघंही नकळत स्वयंपाकघराकडे कान लावून थांबलो. आतून कोणी धावत आलं नाही.

मग खुर्ची करकरली. काका उठले. मुलगा पुढे झाला, तर त्यांनी हातानेच त्याला मागे सारलं. गाल पुढे करून ते चालू लागले. 'बँक' गालाला लागली तशी थोडे वळले आणि सरळ माझ्याकडे आले. मला वळसा घातला. झुलणारी कुंडी दोन्ही हातांनी थांबवली. एकेक पान बोटांत धरून शेवटपर्यंत चाचपलं.

"मास्तर," ते म्हणाले, "झाडाले लागलं तं नाही ना?"

एक पान मोडलं होतं, ते त्यांच्याच बोटांना सापडलं. ते त्यांनी खुडलं, खिशात ठेवलं आणि आल्या वाटेने चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. ओव्याच्या पानाचा वास हॉलपर्यंत आला. मुलाने थोडा वेळ वाट पाहिली, मग बाहेर जाऊन गाडीवाल्याला परत पाठवलं.