सत्यमचं अर्धं राहिलेलं टेबल

नथू केदारी उभ्या आयुष्यात कधी खुर्चीवर बसून जेवला नव्हता. लग्नाच्या हॉलमध्ये बुफे आले, तरी तो ताट घेऊन भिंतीकडेला उकिडवा बसायचा. असा माणूस वैशाखाच्या उन्हात गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जेवणाचं टेबल आणि खुर्च्या करत होता. पवनानगरच्या रस्त्याने जाणारे लोक एकदा बघायचे आणि पुढे निघायचे. कशासाठी चाललंय, हे सगळ्यांना माहीत होतं.

टेबल त्याच्या मुलाने, सत्यमने, करायला घेतलं होतं. सत्यम धरणाकाठच्या कॅम्पसाइटवर कामाला होता. तंबू ठोकणं, बाकडी करणं, मोडलेलं दुरुस्त करणं, सगळं त्याच्याकडे. वादळात बांधावरचा फणस पडला तेव्हा त्याने तो जळणाला जाऊ दिला नाही. कामशेतला मकसूदभाईंच्या वखारीत नेऊन फळ्या पाडून आणल्या आणि माळ्यावर वाळत ठेवल्या.

त्याची बायको अपेक्षा घोरावाडीची, स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, तळेगावच्या कंपनीत नोकरीला. सासरी तिने कधी कुरकुर केली नाही. पण मांडी घालून जेवताना तिच्या पायाला मुंग्या यायच्या, आणि त्याहून जास्त तिच्या मनाला लागायचं ते वेगळंच. घरात आधी बापे जेवायचे, मग बायका. दिवसभर आपापल्या कामावर असलेल्या नवरा-बायकोची जेवायलासुद्धा गाठ पडायची नाही.

"दिवाळीला चौघं एका टेबलाला बसायचं," सत्यम म्हणाला होता. "आये, तू बी."

"मग वाढंल कोन? तुजा बा?" अंबूबाईने विचारलं होतं.

"वाढंल की. हात झिजत्यात व्हय त्याचं?"

नथूही तेव्हा हसला होता.

टेबलाची चौकट उभी राहिली, एक खुर्ची पॉलिश लावून पुरी झाली, बाकीच्या तिन्हींचे पाय कापून झाले. गणपती उठल्यानंतर आठवडाभरातच, कामावरून परतताना सत्यमच्या मोटरसायकलला डंपरची धडक बसली. दिवाळी त्या घरात आलीच नाही. तिच्यानंतरचीही तशीच गेली.

अपेक्षा माहेरी गेली नाही. सकाळी डबा घेऊन कामाला जायची, संध्याकाळी येऊन अंबूबाईबरोबर भाकऱ्या थापायची. शेवटी नथूच एकदा घोरावाडीला गेला आणि तिच्या वडिलांना म्हणाला, "पोरीचं वय काय हाय? आमच्यासाटी तिला बसवून ठिवू नका." चिंचवडचं स्थळ आलं. माणूस बरा होता. आषाढाच्या आत लग्न करायचं ठरलं. तोंडाने हो म्हणून नथू घरी आला आणि थेट शेडमध्ये जाऊन टेबलावरचं पोतं त्याने काढलं. जायच्या आधी तिने एकदा ह्या टेबलाला बसून जेवावं, एवढंच त्याच्या मनात होतं. सत्यमचं बोलणं तेवढं तरी खरं व्हावं.

नथूला नांगराचा दांडा, गोठ्याचं दार, फार तर पाळणा येत होता. टेबल वेगळं. पटाशीने पायाला भोक पाडायचं, आडव्या पट्टीच्या टोकाला कोरलेली कूस त्यात ठोकून बसवायची. भोक मोठं झालं की पट्टी हलायची, लहान झालं की पाय चिरायचा. त्याची पहिली खुर्ची झाल्यावर अंबूबाईने तिच्यावर हात ठेवून बघितला. खुर्ची डुगडुगली.

"ही बसायला केली का झुलायला?"

"बस की. पडलीस तर धरतो."

"जलमभर धरलंय की, लय धरलंय," ती म्हणाली आणि पाय सारखा करायला पॉलिश पेपर पुढे केला.

दुसरी त्याहून बरी झाली, तिसरी सरळ उभी राहिली. टेबलाच्या फळ्या रंधा मारून, फेविकॉलने जोडून, दगडाच्या ओझ्याखाली ठेवून त्याने मन लावून गुळगुळीत केल्या. फणसाचं लाकूड हळदीसारखं पिवळं दिसायला लागलं. अपेक्षा कामावरून आली की शेडच्या दाराशी उभी राहायची. आत यायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "आबा, डोळ्यात भुसा जातोय तुमच्या. चष्मा लावत जा."

मग नथूने ते केलं, जे तो लाकडाला आयुष्यभर करत आला होता. मावळात चार महिने भिंती घाम गाळतात, आणि वाळवी घराची तुळईसुद्धा सोडत नाही. त्यामुळे नांगर असो, खांब असो, नवं लाकूड झालं की ट्रॅक्टरचं जळकं ऑइल त्यावर फासायचं, हा त्याचा नेम. पोराची शेवटची वस्तू वाळवीने खाऊ नये म्हणून त्याने गॅरेजमधून डबा आणला आणि पायांना, खुर्च्यांना, वरच्या फळ्यांना, सगळीकडून दोन-दोन हात दिले. सत्यमने पॉलिश केलेली खुर्ची तेवढी तशीच ठेवली. लाकूड ते ऑइल तहानेल्यासारखं प्यायलं.

चार दिवसांनी टेबल घरात आलं आणि घरभर गॅरेज पसरलं. अंबूबाईने वर भाकरी ठेवली, उचलली, वास घेतला आणि कुत्र्याला टाकली.

नथू पॉलिश पेपर घेऊन बसला. वरचं काळं निघालं, तर खालून आणखी काळं आलं. राख चोळली, ताक चोळलं, साबणाने धुतलं, उन्हात ठेवलं. मकसूदभाईंना बोलावून आणलं. त्यांनी बोट फिरवून नाकाशी नेलं.

"आत गेलंय, नथूभाऊ. जाईल, पण दोन उन्हाळे खाईल."

"लगीन म्होरल्या आठवड्यात हाय."

मकसूदभाईंनी टेबलाच्या जोडांवरून नख फिरवलं. "फळ्या जोडल्यात मात्र चांगल्या," ते म्हणाले आणि चहा न घेता गेले.

अपेक्षा लग्नासाठी माहेरी जायच्या दिवशी नथूने पडवीत सतरंजी अंथरली. अंबूबाईने मटणाचा रस्सा केला होता. अपेक्षाने सतरंजीकडे पाहिलं, मग आत जाऊन टेबल ओल्या फडक्याने पुसलं आणि ताटं मांडली.

"पोरी, हितं नगं. वास मारतोय," नथू म्हणाला.

"मला नाही येत," ती म्हणाली. "बसा, आबा. आई, तुम्ही पण. वाढते मी."

अंबूबाई पदराला हात पुसत उभीच होती. अपेक्षाने तिचा दंड धरून तिला बसवलं. सत्यमची खुर्ची रिकामी राहिली, तेव्हा तिने भाकऱ्यांची दुरडी त्या खुर्चीवर ठेवली आणि स्वतः शेजारी बसली. नथूच्या घासाला ऑइलची चव होती. अपेक्षाने मात्र दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुसरी संपवताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने ते पुसलं नाही, जेवण थांबवलं नाही.

दुपारी तिचा भाऊ गाडी घेऊन आला. सामान चढत असताना नथू म्हणाला, "टेबल मागनं चिंचवडला पिकअपमदी पाठवतो. वास जाईल उन्हानं."

"तिकडे आहे टेबल, आबा."

"व्हय. असनारच. मग सत्यमची खुर्ची तरी ने. तिला वास न्हाई."

अपेक्षाने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "एकटीच खुर्ची कुठे ठेवू? कुणाची म्हणून विचारलं, तर काय सांगू?"

नथूने लाकडाचा, वाळवीचा, वासाचा विचार केला होता. हा केला नव्हता. ती वाकून दोघांच्या पाया पडली आणि गाडीत बसली.

दिवेलागणीला अंबूबाईने चुलीपुढे, नेहमीच्या जागी, पाट मांडून नथूचं ताट वाढलं. टेबल भिंतीला लावलेलं होतं, चारही खुर्च्या आत सरकवलेल्या. नथू मांडी घालून बसला.

"तू बी घी की," तो म्हणाला.

"तुमी जेवा. मी जेवते मागनं," अंबूबाई म्हणाली आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली.