आवाज बंद, आता आबा सांगतील

टीव्हीवरच्या पुरस्कारांबद्दल माझी मतं फार वाईट आहेत आणि ती सगळी मला वडिलांकडून मिळालेली आहेत. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आम्हीच काय, यावलच्या आमच्या अख्ख्या गल्लीत ते आबाच. जन्मभर त्यांनी केळी लावली, केळी कापली, ट्रक भरून लावून दिले, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन मालिका पाहिल्या. गप्प बसून मात्र एकही पाहिली नाही.

नट खरा की खोटा हे ओळखायची आबांची एक रीत होती. ते त्याला जेवताना पाहायचे. मालिकेत रोज कुणी ना कुणी पानावर बसलेलं असतंच. समोर चार वाट्या, पापड, गोड, सगळं साग्रसंगीत, आणि ही माणसं बोटांनी भात नुसता इकडून तिकडे करतात. "जेवतांना पाहजो त्याले," आबा मला सांगायचे. "घासच उचलत नही. ज्याले जेवता येत नही त्याले रडता काय येईल?" मी शाळेत असताना हे हसण्यावारी न्यायचे. आता मला कुठलीही मालिका लावा, माझी नजर आधी ताटावर जाते.

पुरस्कार तर आमच्या घरात शिमग्यासारखे साजरे व्हायचे. वाहिनी आपल्याच मालिकांना आपणच बक्षिसं वाटते, यावर आबांचं म्हणणं ठरलेलं होतं. "पंगत यांची, वाढपी हेच, आन् जेवनारेबी हेच." कुणी रुसू नये म्हणून प्रकार तरी किती काढतात! सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सासरे, सर्वोत्कृष्ट जाऊ, सर्वोत्कृष्ट भावंडं, सर्वोत्कृष्ट कुटुंब. एखाद्या वर्षी सर्वोत्कृष्ट उंबरठा निघेल अशी मला खात्री आहे. सिनेमाचे पुरस्कार त्याहून थोर. जो सिनेमा जळगावला लागत नाही आणि भुसावळला पोचत नाही, त्यालाच सगळी बक्षिसं, आणि ती घेणारा प्रत्येक जण प्रेक्षकांचे आभार मानतो. कुठल्या प्रेक्षकांचे, ते एकदा कळायला हवं.

आमच्या ओट्यावर पुरस्कार पाहायची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिलेली नाही. टीव्ही दारात आणून ठेवायचा. गल्ली सतरंजीवर. नामांकनं दाखवून झाली की आबांचे चुलतभाऊ, आमचे नाना, रिमोट हातात घेऊन ओरडायचे, "आवाज बंद!" आणि खरोखर आवाज बंद करायचे. मग एकेकानं आपापला माणूस सांगायचा. बायका, म्हातारे, पोरंसोरं, सगळ्यांनी. शेवटी नाना म्हणायचे, "आता आबा सांगतील." आबा मग निकाल द्यायचे, कारणांसकट आणि शिव्यांसकट. तो दिल्याशिवाय आवाज सुरू होत नसे. तोवर पडद्यावरचा विजेता आईवडिलांचे आभार मानून खाली उतरलेलासुद्धा असायचा. पाकीट फोडून नाव घेतात तो क्षण आमच्या ओट्यावर कुणी कधी ऐकलेला नाही आणि त्याचं कुणाला वाईटही वाटलेलं नाही. खरा निकाल मिळालेला असायचा.

गेल्या दिवाळीनंतर आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

जळगावच्या दवाखान्यातले ते दिवस मी सांगत बसत नाही. उजवा पाय थोडा परत आला, हात नाही, शब्द एकही नाही. डॉक्टर चांगले होते, घाई न करता बोलायचे. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, "त्यांना कळतं का?" ते म्हणाले, "हळूहळू समजेल." त्यांनी आबांसमोर चमचा, किल्ली आणि कंगवा ठेवला आणि किल्ली उचलायला सांगितलं. आबांनी डाव्या हातानं किल्ली उचलली. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा चमचा उचलला. आईला पहिली वेळ लक्षात राहिली. मला दुसरी राहिली.

तेव्हापासून मला भीती वाटायला लागली. आबा बोलणार नाहीत याची नव्हे. न बोलणारी माणसं असतात, त्यांच्याबरोबर राहता येतं. पण आत आबा आहेत की नाहीत, हे कळेना. माझे वडील म्हणजे त्यांची मतं. ज्या माणसाला गवारीची भाजी, गल्लीतला नवा रस्ता आणि मालिकेतली सून या तिन्हींबद्दल एकाच वेळी राग येऊ शकत होता, तो आता खाटेवर बसून सगळ्यांकडे सारख्याच नजरेनं पाहायचा. मी जळगावला कॉलेजच्या ऑफिसात बसून काम करायचे आणि मध्येच काय लिहीत होते तेच विसरायचे.

आणि मग पुरस्कारांची जाहिरात सुरू झाली. येत्या रविवारी, संध्याकाळी सात वाजता.

नानांचा फोन आला. "ये पोरी. ओट्यावरच पाहू. आबायले बरं वाटीन." मला नाही म्हणायचं होतं. मला वाटत होतं, चमच्या-किल्लीची परीक्षा ही काही परीक्षाच नव्हे. खरी परीक्षा ही. आबांनी त्यांच्या नावडत्या, मोठ्या केसांच्या नटाकडे पाहिलं आणि कपाळाला आठी पडली, तर आबा आहेत. नाही पडली तर? हा नट आबांचा जुना वैरी. नानांचा तितकाच लाडका. तो संवाद म्हणायच्या आधी केस उडवतो आणि म्हणून झाल्यावर पुन्हा उडवतो, आणि आजवर त्यानं एक घास तोंडात घातलेला कुणी पाहिलेला नाही. आबा त्याच्यावरून नानांशी आठ-आठ दिवस बोलायचे नाहीत.

भुसावळला बस बदलून यावलला उतरले तेव्हा देवाजवळ मी एकच मागत होते, वीज जाऊ दे. एरवी संध्याकाळी आमच्याकडे वीज हटकून जाते. त्या दिवशी मेली गेली नाही.

आबांना खुर्चीवर बसवलं होतं. आईनं त्यांना स्वच्छ धोतर नेसवलं होतं, टोपी घातली होती, निर्जीव उजवा हात मांडीवर नीट ठेवला होता. गल्ली जमली. शेंगा आल्या, चहा झाला. सगळे मोठमोठ्यानं बोलत होते, आजारी माणसाच्या घरी बोलतात तसं. मी आबांच्या खुर्चीला टेकून खाली बसले, म्हणजे मला त्यांचा चेहरा दिसू नये. माझी तेवढीच हिंमत होती.

पहिलं बक्षीस सर्वोत्कृष्ट सासूचं. चौघींचे चेहरे दाखवून झाले आणि नाना सवयीनं ओरडले, "आवाज बंद!"

आवाज बंद झाला. एकेकानं नाव सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. मग नाना म्हणाले, "आता आबा सांगतील."

अख्खी गल्ली आबांकडे वळली. शेंगा सोलायचं थांबलं. पूर्वी या शांततेत आबा मुद्दाम घसा साफ करायचे, सगळ्यांना ताटकळत ठेवायचे. आता तीच शांतता लांबत गेली. आवाज पुन्हा सुरू करायचं धाडस नानांना होईना.

तेवढ्यात माझ्या डोक्याच्या वर थप्प असा आवाज झाला. मी वळून पाहिलं. आबांनी डावा हात उचलून उजव्या हातावर आपटला होता. पुन्हा आपटला. टाळी.

"व माय! टाया वाजोल्या यायनं!" आई ओरडली आणि रडायलाच लागली. पडद्यावर जी बाई बक्षीस घेत होती ती आबांचीच निवड, असं गल्लीनं ठरवून टाकलं. नानांनी डोळे पुसले. मीसुद्धा हसले. मला वाटलं, सुटले.

दुसरं बक्षीस सर्वोत्कृष्ट भावंडांचं. आवाज बंद. आता आबा सांगतील. आबांनी टाळी वाजवली. तिसरं नवीन चेहऱ्याचं, टाळी. मध्ये साबणाची जाहिरात लागली, सगळ्यांनी हसत आबांकडे पाहिलं, आबांनी टाळी वाजवली. गल्ली खुश होती. शेजारची काकू म्हणाली, हाताला व्यायाम होतो, चांगलंच हाये. मला मात्र हसू येईना. सर्वोत्कृष्ट कुटुंबाला आबांनी टाळी वाजवली! ज्या कुटुंबात चार वर्षांत कुणी जेवलं नव्हतं! सगळ्या जन्मात आबांनी कुठल्याही परीक्षकाशी सहमती दाखवली नव्हती, आणि आता ते प्रत्येकाला, सरसकट, एकसारखी टाळी वाजवत होते. किल्ली सांगितली तरी चमचा आणि चमचा सांगितला तरी चमचा. मला समजलं, की खुर्चीत कुणी नाही.

मग सर्वोत्कृष्ट नायकाची नामांकनं आली. मोठे केस तिसऱ्या नंबरावर. नानांनी आवाज बंद केला. नाना बिचारे यंदा त्याचं नावसुद्धा घेईनात, त्यांनी दुसराच कुणी सांगितला. "आता आबा सांगतील," ते हळूच म्हणाले. आबांनी मोठ्या केसांच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात उचलला.

मी उठून उभी राहिले. मला ते सहन झालं नाही. मी टीव्हीकडे बोट करून ओरडायला लागले, आबांच्या आवाजात, आबांच्या शब्दांत. "याले काहून देता? अं? काय केलं यानं? नुसता केस उडोते! एक घास खाऊन दाखव म्हना! याच्यापरीस आपला बैल बरा, निदान चारा त चावते!" गल्ली खदखदून हसली. "वा पोरी!" कुणीतरी म्हणालं. मला आणखी चेव आला. मी आबांकडे वळले आणि तशीच ओरडले, "सांगा ना आबा! बोला ना! हा आवडते का तुमाले? हा?"

तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिला. संध्याकाळभर मी तो टाळला होता.

आबा भ्याले होते. डोळे माझ्यावर खिळले होते, खालचा ओठ हलत होता, आणि डावा हात भराभर उजव्या हातावर पडत होता, थप्प, थप्प, थप्प. मला थांबवण्यासाठी. मला खुश करण्यासाठी.

सगळं माझ्यासमोर उलगडत गेलं आणि मला स्वतःची शिसारी आली. दर वेळी आम्ही आवाज बंद करत होतो आणि वीस माणसं त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. आपल्याकडून काहीतरी हवं आहे, हे त्यांना कळत होतं. तेच तर त्यांचं काम होतं ना, इतकी वर्षं? शब्द आत असणार, सापडत नव्हता. समोर पडद्यावर माणसं टाळ्या वाजवत होती, म्हणून त्यांनी टाळी वाजवली. आम्ही आनंदानं ओरडलो. मग प्रत्येक वेळी ते तेवढीच एक गोष्ट देत राहिले, आम्ही नाराज होऊ नये म्हणून. आबा खुर्चीतच होते. संध्याकाळभर होते, आणि माझ्याइतकेच घाबरलेले होते.

"नाना, आवाज सुरू करा," मी म्हणाले. "मोठा करा. आन् आबांले कोनी पाहू नका."

नानांनी आवाज इतका मोठा केला की पलीकडच्या गल्लीत गेला असेल. लोक पडद्याकडे वळले, शेंगांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी आबांच्या पायाशी बसले, त्यांचा तो डावा हात धरला. तो घामानं ओला होता आणि अजून उडत होता. मी त्यांच्या कानाला लागून म्हणाले, "आबा, काही सांगू नका. कोनालेच काही सांगू नका. मले लय भेव वाटते आबा. तुमालेबी वाटते ना?"

हात थांबला. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली, एकदा, खाली.

नायकाचं बक्षीस सगळ्यात मोठं, म्हणून वाहिनीनं पाकीट फोडायच्या आधी जाहिराती घातल्या होत्या. त्या संपल्या आणि यंदा आमच्या ओट्यावर पहिल्यांदा पाकीट फोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सर्वोत्कृष्ट नायक म्हणून मोठ्या केसांचं नाव पुकारलं. नानांनी चोरून आमच्याकडे पाहिलं. पडद्यावर सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आबांचा हात माझ्या हातात होता. मी तो धरून ठेवला नव्हता, मोकळाच होता. तो हलला नाही.