येते म्हंजी जाते

आमच्यात जाताना जाते म्हनायचं न्हाई. येते म्हनायचं. पवनानगरच्या पल्याड माझं माहेर, तितं माझ्या तोंडातनं 'जाते' निगालं की आई हात उचलायची. जानारं मानूस परत येत नसतंय, येते म्हन! बांगडी फुटली म्हनायची न्हाई, वाढली म्हनायची. दिवा इझवायचा न्हाई, वाढवायचा. कुंकू संपलं तरी वाढलं. मला ल्हानपनी वाटायचं, आमच्या घरात समदं नुसतं वाढतंयच, मग फळीवर काईच कसं दिसत न्हाई?

आठवीतनं शाळा सुटली, मग लगीन झालं आन लोणावळ्याला आले. नवरा फिराया येनाऱ्या पावन्यांची गाडी चालवतो. सकाळी जातो, न्हाई, येतो म्हनतो आन जातो. एका बंगल्याच्या मागल्या खोलीत आमी ऱ्हातो. बंगला झाडायचा, झाडांना पानी घालायचं. शनिवार-रविवार मालकांची मानसं, सोमवारपासनं कुलूप. मग मी, पोरगी आन वानरं.

पोरगी रांगत होती तवाची गोष्ट. रविवारी भांडी घासताना माझी बांगडी फुटली, मनगटाला काच लागली, रगत आलं. मालकीनबाई म्हनाल्या, "काय गं, काय झालं?"

मी आधीच भ्यालेली. म्हनले, "बाई, बांगडी वाढली."

"वाढली? मग एक मला दे की!"

व्हरांड्यातली समदी हसली. मी फडकं बांधून तशीच जेवायला वाढाया गेले, तर एका पावन्यानं इचारलं, वाटीत काय आहे? म्हनले, कोरड्यास.

"अहो, एवढं पातळ आणि नाव कोरड्यास?"

पुन्यांदा हसली. भाकरी कोरडी, तिच्यासंगं खायाचं म्हनून ते कोरड्यास, येवढंच सांगायचं होतं, पन माझा दमच पुरंना, गपकन आत आले. तवापासनं बंगल्यात मान हलवून भागवायला लागले. व्हय असलं तर अशी, न्हाई असलं तर तशी. मग सोमवारीबी मान, मंगळवारीबी मान. पोरीला भरवायचं, न्हाऊ घालायचं, निजवायचं, समदं बिनबोलता. नवरा दमून यायचा, जेवायचा, मोबाईल बघत झोपायचा. कदी कदी दुपारी मी उगंच खाकरून बघायची, आवाज हाय का गेला.

पोरगी दोन वर्सांची झाली, वर चार म्हयने झाले, पन बोलंना. आई न्हाई, बाबा न्हाई. एकच काडायची, "येऽ". गाडी निगाली की येऽ, कुत्रं पळालं की येऽ. मला वाटायचं बोलावती बिचारी, आन कुनीच माघारी येत न्हाई.

अंगनवाडीच्या ताईंनी एकदा तिच्या मागनं टाळी वाजवली. पोरीनं वळून बघितलं न्हाई. ताई म्हनाल्या, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर पुण्याला कान तपासायची चिठ्ठी देते. घरात बोलतं ना कुणी हिच्याशी?"

मी मान हलवली. खोटी.

तवापासनं डोक्यात एकच. भैरी झाली का काय? माझ्यामुळं झाली का? मागनं ताट आपटून बघायची. कदी वळायची, कदी न्हाई. नवरा म्हनायचा, "बोलंल की. तू तरी कुटं बोलतीस?"

दिवाळीच्या आदल्या हप्त्यात ताईंनी बोलावलं. चित्रांचं पुस्तक उघडलं. "छत्री कुठे? दाखव बाळा, छत्री." पोरगी गप. "घर? चेंडू?" गप. ताईंनी पेन उचललं, चिठ्ठी लिवायला घेतली.

तेवढ्यात पोरगी उठली. दारापतोर गेली, वळली, आन निवांत म्हनाली, "येते."

ताईंनी दोनी हात पसरले. "अगंबाई! ये, ये की इकडे!"

पोरगी भायेर चालती झाली.

माझ्या तोंडातनं एकदम निगालं, "ताई, ती येते म्हनती म्हंजी ती निगाली! गाडीला, कुत्र्याला ती बोलवीत नव्हती वो, तेच म्हनत होती, येते!"

ताईंनी पेन खाली ठेवलं. "ऐकल्याबिगर हे यायचं न्हाई गं. कान चांगलं हायेत." हसल्या. "पण बाकीचं सोडून हाच शब्द कसा उचलला हिनं?"

आमच्या घरात मोठ्यानं म्हनलेला शब्द तेवढाच होता, दारात, जाताना. नवरा येतो म्हनायचा, मी पान्याला निगताना येते.

"बोलत जा तिच्यासंगं," ताई म्हनाल्या.

"आमच्या गावचं बोलले तर चालंल?"

"न चालायला काय झालं? मी कार्ल्याचीच हाय की. माझी आई पावसात इरलं घ्यायची. छत्री कुनाला ठावं होती!"

घरी आले आन सुटलेच. कोरड्यास म्हंजी काय, इरलं म्हंजी काय, भाताच्या लावनीत बाया पाठीवर घ्यायच्या ते. बांगडी वाढती म्हंजी काय, तेबी. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत बसली, एक शब्द उचलला न्हाई. मला धाप लागली, पन थांबले न्हाई.

मग पान्याला उठले, नळ बंगल्याच्या पुढल्या अंगाला हाय. सवयीनं म्हनले, "येते गं."

पोरीनं माझ्या गाऊनला मिठी मारली आन असा हंबरडा फोडला, का बस. येतेचा अर्थ तिला माझ्यापरीस पक्का ठावं होता.

एका कडंवर ती, एका हातात कळशी, अशी गेले. आता तिला येते म्हनत न्हाई. चल म्हनते.