चोविसावी पिन

साधं काम अवघड करून दाखवण्यात आमच्या साडभाऊंचा, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याचा, हात धरणारा माणूस अख्ख्या देवरी तालुक्यात सापडायचा नाही. चिचगडला घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्या घरात पंख्याला तीन बटणं आहेत. दोन दाबून तिसरं सोडलं की तो फिरतो. मी मराठीचा मास्तर, पण रविवारी गेलो की हातात यंत्राच्या माहितीचा इंग्रजी कागद देऊन म्हणतात, "गुरुजी, तुमी फक्त वाचा. समजाची गरज नाही." ही अट मी कसोशीनं पाळत आलो आहे.

त्यांच्या आई पडल्या तेव्हापासून मागच्या खोलीत खाटेवर असतात. त्यांची हाक दुकानात पोहोचत नाही. दुसऱ्यानं बाजारातून साधी घंटी आणली असती. साडभाऊंनी पत्त्यांच्या कॅटएवढा, लिनक्सवर चालणारा संगणक आणला. त्याला चाळीस पिना. कोणत्या पिनेनं बटणाचं ऐकायचं आणि कोणत्या पिनेनं काय चालू करायचं, हे फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. घरामागच्या धानाच्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, पंपही त्यांनी अठराव्या पिनेला जोडून ठेवला होता. घंटीची तार मोजून चोविसाव्या पिनेला लावली, फाइलमध्ये चोवीस लिहिलं. आईंनी खाटेवरचं बटण दाबलं आणि पंप सुरू झाला.

तीन आठवडे हेच. शेजाऱ्याची बांधीही भरून वाहिली. "चोवीस म्हटलं तं अठरा कायले उठून राहिली बे?" साडभाऊ संगणकालाच विचारत. कागद वाचून वाचून माझाही आकड्यांवरचा विश्वास उडाला. शेवटी उलगडा झाला. पिनेचा रांगेतला नंबर वेगळा आणि संगणकाच्या हिशेबी नंबर वेगळा. रांगेतल्या अठरावीलाच तो चोवीस म्हणतो. फाइल सुधारली, दुकानात घंटी वाजली, आम्ही चहा घेतला.

त्यानंतर आठवडाभर घंटी वाजलीच नाही. साडभाऊंनी माझ्यासमोरच आईंना विचारलं, "माय, बटन कायले नाही दाबत?"

"दाबून का करू? तू पेलाभर पाणी आणशीन. पहिले दाबलं तं बांधीत पाणी जाये. मले तेवढंच काम होतं."

साडभाऊ उठले. दुकानात गेले, फाइल उघडली आणि तीन आठवडे खपून बरोबर केलेलं पुन्हा चुकवून ठेवलं. मला त्या माणसाचं इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

आता दुरुस्तीचं टेबल आईंच्या खाटेजवळ आहे आणि गिऱ्हाइकं सगळं घर ओलांडून मागे येतात. संध्याकाळी आई बटण दाबतात, कान देऊन बसतात. बांधीत पाणी पडल्याचा आवाज येईपर्यंत साडभाऊ हातातलं काम थांबवतात, आणि मीही वाचायचा थांबतो.