आधी वायर

आमच्या ह्यांना सगळे ‘आधीवायर’ म्हणतात. दुरुस्तीला आलेला लॅपटॉप उघडायचा तर आधी वायर काढायची, मगच स्क्रूला हात लावायचा, हा बावीस वर्षांचा नेम. घरातही तो सुटत नाही. मी इस्त्री शर्टाला टेकवते न टेकवते, तोच मागून येऊन वायर काढून ठेवतात. स्वभावाला औषध नाही, असं मी तोंडावर म्हणते. ते हसतात आणि आणखी एखादी वायर काढतात.

आमचे दोन धंदे एकाच खोलीत. ह्यांचं टेबल, आणि ह्यांच्याच बाजूला खाली बुटक्या स्टुलावर मी, काजं-बटणं करत.

एकदा सकाळी अकराच्या सुमारास एक निवृत्त शिक्षिका आल्या. उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर तोलून धरलेला.

“बंद करू नका हं,” आल्या आल्या म्हणाल्या. “माझ्या मुलीचा आहे. ती गेली त्याला तीन महिने झाले. तेव्हापासून चालूच ठेवलाय.”

पडद्यावर पत्र होतं. पहिली ओळ दिसत होती: ‘आई, तुला एक सांगायचं राहून गेलं.’ पुढच्या मजकुरावर एक चौकोन येऊन बसला होता. बदल जतन करायचे का? होय. नाही. ट्रॅकपॅड क्लिकच होत नव्हता, म्हणून चौकोन हटत नव्हता. शेजाऱ्यांचा माउस लावून पाहिला, तो चालला नाही. कीबोर्डही दाद देत नव्हता. बंद केला तर पत्र जाणार.

“एवढं ‘होय’ दाबून द्या, भाऊ. ती काय सांगत होती ते तरी कळेल.”

ह्यांनी पॅडवरून अंगठा फिरवला. “खाली बॅटरी फुगलीय, बाई. तिने पॅड वर उचललाय, म्हणून दाबला जात नाही. बॅटरी काढतो. चार्जरवर चालू राहील.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आज वायर काढायची नाही. लक्ष ठेव माझ्यावर.”

दोन लाकडी ठोकळ्यांवर त्यांनी लॅपटॉप पालथा घातला. पडदा पलीकडच्या कडेवरून खाली लोंबत होता. बाई तिकडे खुर्चीवर, त्यांना पडद्याची फक्त पाठ दिसत होती. हे वरून आतले भाग बघत होते. मला मात्र टेबलाखालून पडदा दिसत होता, उलटा, आणि ठोकळ्यांमधल्या फटीतून पॅडही.

उशीसारखी फुगलेली बॅटरी अलगद बाहेर आली. पॅड जागच्या जागी बसला. ह्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि सवयीने त्यांचा हात मागे गेला. मी “अहो!” म्हणेपर्यंत चार्जरची वायर त्यांच्या हातात होती.

पडदा विझला नाही.

बॅटरी टेबलावर, वायर ह्यांच्या हातात, आणि पत्र तसंच उजळलेलं. मग पडद्यावरचा माउसचा बाण हलला. ‘होय’वर जाऊन थांबला, कुणी विचारात पडावं तसा. तिथून सावकाश ‘नाही’कडे सरकला. पॅडचा एक कोपरा आत गेला. त्या फटीत बोट नव्हतं, काहीच नव्हतं. टक्. नव्या पॅडचा येतो तसा स्वच्छ आवाज. मग पडद्यावर अंधार.

“झालं का क्लिक?” बाईंनी आशेने विचारलं.

हे पांढरेफटक पडले होते. “नाही, बाई. माझ्या हातून वायर निघाली. पत्र गेलं. चूक माझी आहे.”

बाई रडल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही खाली बसला होतात. जाता जाता काही दिसलं का हो?”

“नाही,” मी म्हणाले.

त्याला आता दोन वर्षं झाली. ह्यांनी पुन्हा लॅपटॉप उघडला नाही. माझ्याकडे आलेल्या शर्टांना बटणं लावतात, वाकडीतिकडी. मध्येच हात थांबतो आणि म्हणतात, “एका आईचं पत्र घालवलं मी.” माझ्या अगदी ओठांवर येतं, की ते तुम्ही नाही घालवलंत. पण ह्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही. ऐकलं की तडक बाईंच्या दारात जाऊन उभे राहतील, आणि लेकीनेच ‘नाही’ दाबलं हे सांगून मोकळे होतील. म्हणून मी म्हणते, “होतं माणसाच्या हातून,” आणि पुढचं बटण त्यांच्या हातात देते.