खसखशीचा खलबत्ता

तेव्हा त्या घरात आम्ही चौघंच होतो. साहेब, त्यांची मॅडम, साहेबांची म्हातारी आई आणि मी. घर आखातात, उम्म अल कुवैनला, खाडीच्या अंगाला. साहेब युरोपातले, बोटी दुरुस्तीच्या कामावर इंजिनिअर. मी रेवदंड्याकडची. नवरा गेल्यावर पोरांसाठी घरकामाच्या व्हिसावर आलेली. शाळा दुसरीपर्यंत. हे मी बोलतेय, लिहितेय माझी नात.

म्हातारीला मी आजी म्हणायची, ती मला बाई. तिला इंग्रजी थोडं, मला त्याहून थोडं. तरी दिवसभर आमची बडबड चालायची.

तिच्या खोलीत खिडकीत एक पितळी खलबत्ता होता. आपल्याकडे असतो तसाच, फक्त काठाला पोचा आलेला. मला वाटलं, बरं झालं, ओळखीचं काहीतरी सापडलं. पहिल्याच आठवड्यात मी त्यात लसूण ठेचायला घेतला, तर म्हातारीने हातावर चापट मारली. "नो गार्लिक, बाई." मग मिक्सरकडे बोट केलं. मी मनात बोलले, एवढं सोवळं आमच्या सासूनेही पाळलं नाही.

साहेबांना हिंदी येई, साईटवरच्या माणसांत शिकलेले. एका शुक्रवारी त्यांनी मला सांगितलं. हे लोक यहुदी. बाहेर कुठे बोलायचं नाही. यहुदी म्हणजे मला माहीत होते, आमच्या गावात शनवारतेली होते, शनवारी घाणा बंद ठेवायचे. मग साहेबांनी पुढचं सांगितलं. मोठ्या लढाईत जर्मन शिपाई यांच्या घरच्यांना न्यायला येणार, तेव्हा आदल्या संध्याकाळी म्हातारीच्या आईने सगळं सामान भिंतीवरून शेजारणीकडे दिलं. चांदीचे चमचे, गाद्या, टेबलावरच्या चादरी, हा खलबत्ता. घरातले सगळे नेले. परत आली ती एकटी आमची आजी, तेव्हा लग्नाचीही नव्हती.

"फिर?" मी विचारलं.

"माँ लौटके उसके घर गई. शेजारीण दार उघडून बोलली, अरे, तू जिंदा है? आत टेबलावर आमचीच चादर होती. माँने माँगा नहीं. त्या बाईने खलबत्ता दिला आणि दार लावलं."

म्हातारीची आई त्यात खसखस कुटायची. गूळ नव्हे, साखर घालून, सणाच्या केकसाठी. म्हातारीला आता सकाळचं संध्याकाळी आठवत नव्हतं, पण खसखस आठवायची. रोज विचारायची, "बाई, पॉपी?"

आता तिकडच्या कायद्याने खसखस म्हणजे अफूच. आपण अनारशाला लावतो तीच. बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, मी गुपचूप विचारलं तर तो मल्याळी दुकानदार हसला. "अम्मा, जेल जाना है क्या? उधर खाना फ्री मिलता है." मग आवाज उतरवून बोलला, "दुबारा नाम भी मत लेना."

मी कारळे आणले. दिसायला काळे, म्हातारीच्या देशातली खसखसही काळीच असते म्हणे. भाजून, साखर घालून खलबत्ता तिच्या मांडीवर दिला. म्हातारी कुटत बसली. दम लागला तरी बत्ता सोडेना. मग वाकून वास घेतला आणि वर हात ठेवला. "नॉट मामा," बोलली. रडली नाही. मला बोलली, "गुड, बाई, गुड," जसं लहान पोराला बोलतात. दुसऱ्या दिवशी परत, "बाई, पॉपी?"

त्या वर्षी मी गणपतीला गावी आले. जावेने खसखस दिली. मी चिमूटभर रुमालात बांधली, रुमाल पोलक्यात. एवढीशी कोणाला कळणार? निघायच्या दिवशी धाकटा पोरगा बॅग उचलायला आला. "आये, पुढच्या वर्षी माझ्या कॉलेजचं बघशील ना?" एवढंच बोलला. मी पडवीतच गाठ सोडली आणि तुळशीत झटकली. विमानात बसेपर्यंत बोटांना वास येत होता.

म्हातारी दारातच बसलेली. माझ्या बॅगेकडे बघत होती. मी मान हलवली.

"नो पॉपी, आजी. पोलीस."

तिने माझं मनगट धरलं. तिच्या त्या हातावर जर्मनांनी गोंदलेला नंबर होता, फिकट निळा. "पोलीस नो. बाई जेल, नो," बोलली. मग कितीतरी वेळ सोडलं नाही. मी चपला काढायची थांबले होते.

त्यानंतर तिने खसखशीचं नाव काढलं नाही. विसरली की मला त्रास नको म्हणून, मला कळलं नाही. थंडी संपता संपता गेली. साहेबांनी तिला मातीसाठी तिच्या देशी नेलं. आल्यावर खोली आवरली, तेव्हा खलबत्ता माझ्या हातात दिला. "आप रखो. मेरे घर में कौन कूटेगा?" मॅडम खिडकी पुसत राहिली.

गावी कायमची आले तेव्हा त्यात पहिल्यांदा खसखस कुटली. घरभर वास सुटला. हातातलं थांबवून बसले. हाच तो वास, आणि द्यायचा कोणाला? पोराने वाटीत बघून विचारलं, "अनारसे करतेस का?" मी हो बोलले.

आता हात थरथरतात. सून वाईट नाही, पण मोडवाला आला की तिची नजर खिडकीत जाते. मागच्या खेपेला त्याने पितळ वाजवूनही बघितलं. मी किती दिवस मधे बसणार?

म्हणून जो हे वाचेल त्याला सांगते. खलबत्ता मोडीत देऊ नका. त्यात लसूण घालू नका. वर्षातून एकदा मूठभर खसखस कुटा, साखर घालून, आणि घरात जो असेल त्याला द्या.